नवजात बालकाची शय्या : शास्त्रविचार व बदलता उपदेश

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. घरात बाळ येणार म्हटले की पिंजलेल्या कापसाची गुबगुबीत गादी, मोहरीची उशी, दुपटी आणि जुन्या लुगड्याची गोधडी यांची तयारी सुरू होते. हल्ली मात्र बालरोगतज्ज्ञ ‘उशी नको, मऊ गादी नको’ असे सांगतात आणि आजी आपल्याला विचारते, “डॉक्टर, आमची लेकरं अशीच नाही का वाढली?” या प्रश्नाला वैद्याने काय उत्तर द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

संहितोक्त विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आले आहे. ते अंधारे नसावे, तेथे वाऱ्याचा झोत नसावा, परंतु एका बाजूने हवा खेळती असावी. शय्या व आस्तरण ऋतूला अनुरूप असावे, असे आचार्य सांगतात. बालकाची वस्त्रे व अंथरुणे मृदू, लघू, शुची व सुगंधी असावीत; घाम, मल व जंतूंनी दूषित झालेली टाकावीत; नवी मिळणे शक्य नसल्यास तीच स्वच्छ धुऊन, वाळवून, धूपन करून वापरावीत, असाही निर्देश आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ‘मृदू’ सोबत ‘लघू’ हा गुणही सांगितला आहे. मृदुत्व कापडाच्या स्पर्शाचे समजावे. बालकाचे तोंड रुतेल अशा गादीचे नव्हे. दुसरी, यव, सर्षप, हिंगू, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्यांचे या स्थळी सांगितलेले धूपन वस्त्रे, शय्या व प्रावरणे यांचे आहे. काश्यपसंहितेतील धूपकल्पात बालकांच्या व्याधींसाठी धूप आहेत, हे खरे. परंतु बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवून बाळाला रोज धुरात ठेवण्यास या वचनाचा आधार घेता येत नाही. धुराने श्वसनमार्गाला अपाय होतो आणि कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर गंधहीन व प्राणघातक आहे.

उपदेश का बदलला?

उपदेश केवळ आजीचाच बदलावा लागला असे नाही. पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओकारी घशात अडकेल या भीतीने बालकास पालथे निजविण्याचा सल्ला तज्ज्ञच देत होते. निरोगी दिसणारी बालके झोपेत अकस्मात दगावत. पुढे अभ्यासांतून पालथ्या झोपेचा संबंध स्पष्ट झाला. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये सल्ला बदलला; अमेरिकेत १९९२ मध्ये शिफारस व १९९४ मध्ये मोहीम झाली. तेथे अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेनुसार उपलब्ध पुरावा एकत्र तपासला असता तर हा धोका १९७० पर्यंतच ओळखता आला असता. आप्तोपदेशाला प्रत्यक्ष व अनुमान यांची जोड देण्यास विलंब झाला, त्याचे हे मोल!

आपल्याकडे बाळाला पाळण्यात उताणे निजविण्याची रीत जुनीच आहे. ती जपावी, हे आजीला आवर्जून सांगावे.

व्यवहारात

१. बाळास दिवसा व रात्री उताणेच निजवावे. जागेपणी, डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथे घालावे. त्याने मान व खांदे बळकट होतात.

२. अंथरूण सपाट व घट्ट असावे. सतरंजीवर ताणून घातलेली सुती चादर पुरेशी आहे. मोहरीची उशी, लोड, सैल गोधडी व खेळणी दूर ठेवावीत.

३. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबू शकतो, कापड तोंडावर येऊ शकते. तेथे डोळा लागल्यास बाळाला सपाट जागी न्यावे.

४. बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, परंतु स्वतंत्र अंथरुणावर असावे. जागा अपुरी असल्यास निदान दोन मोठ्यांच्या मध्ये निजवू नये. मद्य वा तंबाखूचे सेवन करणाऱ्याशेजारी तर मुळीच नाही.

५. स्तन्यपान संरक्षक आहे. खोलीत विडी-सिगारेट वर्ज्य.

ऋतुविचार

अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत कुंची, पायमोजे व दुपट्यात आवळून ठेवणे घातक होय. मानेवर घाम, छाती तापलेली ही अतिउष्णतेची लक्षणे. उलट चिखलदऱ्याच्या जानेवारीत मेळघाटातील कमी वजनाच्या बालकास थंडीचा धोका मोठा. तेथे गोधड्यांचा ढीग न घालता आईच्या उघड्या छातीशी बाळ धरावे. ही कांगारू मातृसेवा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अकाली वा कमी वजनाच्या बालकांसाठी दररोज ८ ते २४ तास सुचविली आहे. याच विदर्भातील गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात-सेवा दिली, त्यात बाळाला उबदार ठेवणे हा एक भाग होता. नियंत्रण क्षेत्राच्या तुलनेत तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सूतिका-परीक्षणाच्या वेळी बाळ कोठे, कशावर व कसे निजते, हा प्रश्न वैद्यबंधू-भगिनींनी अवश्य विचारावा आणि त्या वेळी आजीलाही जवळ बसवावे. मोहरीची उशी तिच्याच हाताने बाजूला झाली, तर ती पुन्हा पाळण्यात येणार नाही.