कामाला दिवस दे

काल फोनवर तू म्हणालीस, बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरलेत, कंत्राटदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तीन दिवसांत नवीकोरी करून देतो." तीन दिवस ऐकलं आणि मला आमच्या न्हाणीघराची आठवण झाली. तेही असंच चार दिवसांत झालं होतं. फरशी चकचकीत, भिंतीला खांद्यापर्यंत टाइल्स, हातात "10 वर्षांची गॅरंटी" असं छापलेला कागद. पाचव्या महिन्यात खालच्या काकू वर आल्या त्या हातात परात घेऊनच. परातीत आमचं पाणी होतं. कागदावरच्या नंबरावर फोन लावला तर तो नंबर अस्तित्वातच नव्हता. ते न्हाणीघर दुसऱ्यांदा फोडलं तेव्हा त्याला एकवीस दिवस लागले. आजतागायत गळलेलं नाही.

तर तुझी आत्या इंजिनियर नाही, हे आधी सांगते. पण तीन घरांची डागडुजी डोक्यावर घेतली, त्यातल्या दोन वेळा फसले आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून अकरा वर्षं लोकांची गळकी छतं पाहिली. त्यातून जे हाती लागलं ते तुला सांगते. पैसे तू आणि जावईबापू कसेही जमवाल, पण दिवस मोजून ठेवा.

पहिलं म्हणजे, पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय भिंतीला कुणाला हात लावू देऊ नकोस. पाणी जिथे दिसतं तिथून ते आत शिरलेलं नसतं. एक वही कर आणि ओल कधी वाढते ते आठ दिवस लिही. दिवसरात्र सारखी ठिबकत असेल तर नळाची, दाबाची लाइन फुटली आहे. सकाळी आंघोळी आटोपल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा खिडकीवरचा छज्जा. आणि पाऊस सुरू झाल्यावर दोन दिवसांनी यायला लागून पाऊस थांबल्यावरही चालूच राहिली, तर गच्ची. स्लॅब आधी पाणी पिऊन घेतो आणि मग सावकाश सोडतो.

हवेतल्या दमटपणाने भिंत ओली दिसते की आतून ओल येते, अशी शंका आली तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव. दुसऱ्या दिवशी बघ. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल आतून येते. खोलीकडच्या बाजूला असतील तर खिडकी उघडी ठेवत जा आणि कंत्राटदाराला नमस्कार कर. न्हाणीघराचा संशय असेल तर रंगीत पाणी ओतून बघतात. एका सांध्यावर ओतायचं, दिवसभर थांबायचं, खाली रंग उतरतो का ते पाहायचं, मग दुसरा सांधा. कंटाळवाणं आहे. पण न शोधता फोडलेलं न्हाणीघर याहून कंटाळवाणं असतं.

तुझ्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे, म्हणून माझा संशय तिकडेच. तुमच्या बिल्डिंगच्या काळातल्या बांधकामात न्हाणीघराचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण फूटभर खाली टाकलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि मालाने भरून वर फरशी केलेली असते. त्याला कोबा म्हणतात. टाइल्सच्या सांध्यातून पाणी झिरपत राहिलं की तो खड्डा म्हणजे तुझ्या पायाखालची टाकीच. वरून सांधे बुजवले तरी आत भरलेलं पाणी कित्येक आठवडे गळत राहतं. काम नीट झालं असूनही खालचे लोक ओरडतात, ते यामुळेच. म्हणून खालचं छत लगेच रंगवून देण्याचं वचन देऊ नकोस. "सुकलं की रंगवून देऊ," एवढंच सांग.

फोडायचंच ठरलं तर क्रम लक्षात ठेव. सगळं जुनं काढून स्लॅबपर्यंत जायचं. पाइप आणि ट्रॅप आधी बसवायचे, नंतर नाही. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे मिस्त्रीकडून गोलाकार वाटा करून घ्यायचा, कारण काटकोनातल्या कोपऱ्यात चीर पडते आणि पाणी तिथूनच शिरतं. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही फूटभर चढवायचा. आणि मग टाइल्स लावायच्या आधी पाण्याची परीक्षा. ट्रॅपचं तोंड बोळ्याने गच्च बंद करून तीन-चार इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि 48 तास थांबायचं. खालच्या घरात जाऊन छत डोळ्यांनी बघायचं. "मॅडम, चोवीस तास पुरे, उद्या टाइलवाला येतोय," असं म्हणतील. येऊ दे. चहा दे आणि परत पाठव. पहिल्या खेपेला मी टाइलवाल्याची हजेरी फुकट जाऊ नये म्हणून ही परीक्षा सोडली होती. परात त्याच हजेरीची.

कोबा झाला की उतार बघायचा. मिस्त्री लेव्हल पाइप लावून दाखवेल, पण तू खिशात गोटी ठेव. चारी कोपऱ्यांतून सोड. जाळीकडे गेली तर ठीक, मध्येच थांबली तर तिथे पाणी साचणार. या जाळीखालच्या ट्रॅपला देशभरातले प्लंबर "नहाणी ट्रॅप" म्हणतात, ती आपलीच न्हाणी. त्यात दोनेक इंच पाणी कायम उभं राहायला हवं, गटाराचा वास आणि झुरळं त्यानेच अडतात. पाहुण्यांचं न्हाणीघर वापरात नसेल तर ते पाणी आटतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा. याला कंत्राटदार लागत नाही.

आता सिमेंट. गोणीवर कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी गोणी घेऊ नकोस. आणि कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपायला हवा. जेवणाच्या सुट्टीनंतर घमेल्यातला घट्ट झालेला माल पाणी मारून पुन्हा सैल करताना दिसला तर तो फेकायला लाव. बिगारी नाराज होईल, पण पाच रुपयांच्या मालासाठी त्या भागाचा गिलावा पोकळ होतो. नाण्याने ठोकून बघ, पोकळ आवाज तुलाही कळेल.

गिलावा असो की काँक्रीट, त्याला पाणी मारावंच लागतं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला निदान दहा. बाजारात आज बहुतेक गोण्या दुसऱ्या प्रकारच्याच मिळतात. मजूर दोन दिवस मारतात आणि विसरतात, कारण पाणी मारायची वेगळी मजुरी कुणी देत नाही. हे काम तू स्वतः घे. सकाळ-संध्याकाळ पाइप धर, उन्हाळ्यात दुपारीही. छोट्या पॅचवर ओलं गोणपाट टाकून ठेवलं तरी चालतं. आमच्या घरी हे काम मुलांनी केलं. भिंतीइतकीच मुलंही भिजली, पण काम झालं.

मग सुकू द्यायचं. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. ओल्या भिंतीवर लांबी आणि रंग लावला की वर्षभरात पोपडे, आणि लोणा फुटला तर त्याच्याही आधी. नव्या गिलाव्याला चार आठवडे दे. तुझा कंत्राटदार तीन दिवसांत जे "नवं" करणार होता ते एवढंच: पोपडे खरवडायचे, डॅम्पप्रूफ नावाचं काहीतरी फासायचं, वर रंग. आतल्या बाजूने फासलेला थर पाणी अडवत नाही, लपवतो. पाणी जिथून शिरतं त्याच बाजूने ते अडवायला हवं.

बाहेरच्या भिंतीचं आणि गच्चीचं काम निघालं तर खर्च स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. संडास-सिंकमुळे होणारी घरातली गळती सभासदाची. अर्ज लेखी दे, पोच घे. आणि तुमची बिल्डिंग तीस वर्षांची झाली आहे ना? मग स्ट्रक्चरल ऑडिट विचार. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी, त्याहून जुनीला दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं. स्लॅबच्या खालून खपली पडून गंजलेली सळई दिसत असेल तर वर नुसता गिलावा थापू देऊ नकोस. गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. सळई घासून स्वच्छ केल्याशिवाय वर काहीही टिकत नाही.

जावईबापूंना हॉल मोठा करायचा आहे असं तू मागे म्हणाली होतीस. मधली भिंत काढायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलाव, सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी घे. खांब आणि तुळई यांना छिन्नीसुद्धा लावायची नाही, एसीच्या पाइपासाठीही नाही. घाटकोपरला 2017 च्या जुलैमध्ये चार मजली इमारत पडली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर आमच्या सोसायटीत कुणी हातोडा उचलला की मी जिना उतरून बघायला जायची. लोक मला खाष्ट म्हणायचे. म्हणोत.

विजेचंही तसंच. नळाचा वॉशर बदल, ट्रॅप साफ कर, गच्चीच्या पावसाळी पाइपातला पालापाचोळा मे महिन्यात काढ, बिजागरीला तेल दे. हे सगळं घरच्या घरी होतं. पण वायरिंगला हात लावायचा नाही. गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर ओढली का, न्हाणीघराच्या प्लगला अर्थिंग आहे का, एवढं विचार. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघ. पडला तर तो जिवंत आहे.

माणसांचं सांगते. माणूस त्याचं काम बघून निवड, पण नुकतंच झालेलं नको. दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हण. कामगार कधी गावाला जातात ते आधी विचार. कोकणातला मिस्त्री गणपतीत थांबणार नाही, उत्तरेकडचा रंगारी होळीला जाणार. प्लंबर बहुधा ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा निघतो, तिथलं पट्टामुंडई प्लंबरांसाठीच ओळखलं जातं. जाणाऱ्याला अडवून काही होत नाही, आपलं वेळापत्रक त्याच्याभोवती बसवायचं. गच्ची-छज्ज्याचं काम मृगाच्या आधी निदान महिनाभर संपायला हवं, म्हणजे ते सुरू करायचं मार्चमध्ये. मेच्या शेवटी बोलावलेला माणूस घाईच करणार, त्याला तरी दोष कसा द्यायचा?

अंगावर काम देणार असशील तर कागदावर लिहून घे: मोजमाप काय, दर काय, सामान कोण आणणार, राबिट, म्हणजे फोडकामाचा मलबा, कोण उचलून कुठे टाकणार. हे शेवटचं सगळे विसरतात आणि मग गोण्या महिनाभर जिन्यात पडून राहतात. रंगाच्या मोजमापात खिडक्या-दारं वजा केली का ते बघ. टाइल्स मोजमापापेक्षा दहाएक टक्के जास्त घे, बॉक्सवरचा बॅच नंबर सारखा आहे का तपास आणि एक अख्खा बॉक्स पलंगाखाली ठेव. पाच वर्षांनी तो शेड बाजारात मिळत नाही.

उचल द्यावी, पण झालेल्या कामाच्या पुढे जाऊ नये. आणि दहा टक्के पहिल्या पावसापर्यंत हातात ठेव. हे पहिल्याच दिवशी, चहा पिताना, हसत सांगायचं. शेवटी सांगितलं तर भांडण होतं. दुपारी मजुरांना थंड पाणी दे, बायका असतील तर संडास वापरू दे. त्याचे पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या खेपेला आमच्याकडे आलेला म्हातारा मिस्त्री पैसे अडकवण्याची अट ऐकून रागावला होता. "ताई, तीस वर्षांत असं कुणी बोललं नाही." तरीही कबूल झाला. त्याच वेळी गच्चीचं एक छोटं काम त्यानेच केलं होतं. जुलैत तीन दिवस झोडपून पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली, दारात हा, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. बोलला काहीच नाही. चप्पल काढली, सरळ बेडरूममध्ये गेला, छताला तळहात लावून कोपरा न् कोपरा फिरला. मग खाली काकूंकडे जाऊन त्यांचं छत बघून आला. चहा घेतला. मी कपाटातून पाकीट काढून दिलं. त्याने ते न मोजता खिशात घातलं आणि म्हणाला, "छज्ज्याच्या खालच्या कडेला ड्रिपची खाच राहिली आहे. पाणी उलटं भिंतीवर येतंय. दिवाळीनंतर येतो."