मायक्रोमॅक्स केस स्टडी : सॅमसंगला मागे टाकणारा भारतीय ब्रँड नेमका कुठे अडला?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मायक्रोमॅक्सचा प्रवास पाहिला. व्हिडिओत वेळ कमी असतो, त्यामुळे धंद्याच्या कामाचे मुद्दे पटापट सांगावे लागले. तेच इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका आकड्याने करू. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत भारतातल्या स्मार्टफोन बाजारात मायक्रोमॅक्सचा वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के होता, असं कॅनालिस या संशोधन संस्थेने सांगितलं. सॅमसंगला हे मान्य नव्हतं, त्यांनी दुसऱ्या संस्थेचे आकडे पुढे केले. पण गुडगावची एक कंपनी सॅमसंगच्या बरोबरीला जाऊन उभी राहिली, हे तर खरंच ना? आणि २०१६ संपेपर्यंत पहिल्या पाच स्मार्टफोन ब्रँडमध्ये एकही भारतीय नाव उरलं नव्हतं.

"चिनी कंपन्या आल्या आणि बाजार खाऊन टाकला," असं उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांनी समजून घ्यायला हवं.

१. गिऱ्हाइकाची अडचण आधी, प्रॉडक्ट नंतर

मायक्रोमॅक्स इन्फर्मॅटिक्स सुरू झाली २००० साली. राजेश अगरवाल, सुमीत कुमार, राहुल शर्मा आणि विकास जैन हे चौघं संस्थापक. सुरुवातीची काही वर्षं मोबाइलचा धंदा नव्हताच. सॉफ्टवेअरची कामं, मग पीसीओला लागणारी वायरलेस उपकरणं, असं चाललं होतं.

या पीसीओच्या कामामुळेच त्यांचं गावोगावी जाणं व्हायचं. राहुल शर्मा पश्चिम बंगालमधला एक प्रसंग नेहमी सांगतात. एक माणूस ट्रकच्या बॅटरीवर पीसीओ चालवत होता. गावात वीज नव्हती, म्हणून तो रोज ती बॅटरी सायकलवर घालून लांब न्यायचा आणि चार्ज करून आणायचा. एवढा खटाटोप करूनही त्याला धंदा परवडत होता, कारण लोकांना फोनची गरज होती.

यातून २००८ मध्ये एक्स१आय हा फोन आला. किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास, आणि एकदा चार्ज केला की स्टँडबायवर ३० दिवस टिकणार असा दावा. त्या काळात मोठ्या कंपन्या कॅमेरा आणि रंगीत स्क्रीनच्या जाहिराती करत होत्या. पण ज्याच्या घरी आठ-आठ तास वीज नाही, त्याला बॅटरीच हवी होती!

दुसरी गोष्ट ड्युअल सिमची. तेव्हा कॉलचे दर कंपनीप्रमाणे बदलायचे, म्हणून लोक दोन सिम बाळगायचे. एका कंपनीवरून बोलायचं, दुसरीवर इनकमिंग. मायक्रोमॅक्सने दोन सिमचे स्वस्त फोन जोरात आणले, नोकिया मात्र त्यात उशिरा उतरली. हे ओळखायला मोठं संशोधन लागत नाही. दुकानाच्या काउंटरवर अर्धा दिवस उभं राहून गिऱ्हाईक काय कुरकुर करतं ते ऐकलं तरी पुरतं.

२. उधारीवर धंदा वाढवला नाही

हा मुद्दा व्हिडिओत दोन वाक्यांत उरकला होता, पण माझ्या मते तो सगळ्यात कामाचा आहे. मायक्रोमॅक्सने सुरुवातीला मोठी शहरं सोडून छोट्या गावांपासून विक्री सुरू केली आणि डिस्ट्रिब्युटरकडून मालाचे पैसे आधी घेतले. बदल्यात त्याला मार्जिन चांगलं दिलं. नवीन कंपनी आणि वर आगाऊ पैसे मागते! तरी डिस्ट्रिब्युटर तयार झाले, कारण माल हातोहात जात होता.

याचा हिशोब करून बघा. समजा तुम्ही महिन्याला २ लाखांचा माल दुकानदारांना देता आणि पैसे ४५ दिवसांनी येतात. म्हणजे कुठल्याही दिवशी तुमचे ३ लाख बाजारात अडकलेले असणार. विक्री दुप्पट झाली की अडकलेले पैसे ६ लाख. धंदा वाढतोय, पण खिसा रिकामा! पैसे आधी मिळाले तर तेच भांडवल तुमच्या हातात फिरत राहतं.

मार्जिनमध्ये दोन टक्के जास्त द्या, पण रोख घ्या. सगळ्याच धंद्यांत हे जमत नाही, मला माहीत आहे. पण विचारून बघितल्याशिवाय "आमच्या लाईनमध्ये उधारीच चालते" असं म्हणू नका.

३. नाव आपलं, पण माल कोणाचा?

२०१२ मध्ये कॅनव्हास मालिका आली आणि मायक्रोमॅक्स घराघरात पोचला. मोठी स्क्रीन आणि दहा हजारांच्या आतबाहेर किंमत. २०१३ मध्ये तर हॉलिवूडचा ह्यू जॅकमन त्यांच्या जाहिरातीत दिसला.

पण हे फोन बनत कुठे होते? बहुतांश चीनमध्ये. तिथले कारखाने तयार डिझाइनचे फोन बनवून द्यायचे आणि त्यावर भारतीय ब्रँडचं नाव लागायचं. एकटी मायक्रोमॅक्स नाही, कार्बन आणि लाव्हाही असाच माल आणत होत्या. यात गैर काही नाही. आपल्यातले निम्मे लोक धंद्याची सुरुवात अशीच करतात.

धोका कुठे आहे, ते बघा. भारतीय ब्रँडना फोन बनवून देणाऱ्यांत जिओनी ही चिनी कंपनी होती. २०१३ मध्ये ती स्वतःच्याच नावाने भारतात उतरली. मायक्रोमॅक्सच्या 'यू' ब्रँडचा पहिला फोन युरेका जानेवारी २०१५ मध्ये आला, तो मुळात कूलपॅडचा फोन होता. त्याच वर्षी कूलपॅडही स्वतःचं नाव घेऊन भारतात आली.

म्हणजे ज्याच्याकडून माल घ्यायचा, तोच शेजारी दुकान टाकून बसला! त्याचा बनवण्याचा खर्च तुमच्यापेक्षा कमी, आणि पुढच्या वर्षी कुठलं मॉडेल येणार हे त्याला तुमच्या आधी माहीत.

४. दोन वर्षांत चारही बाजूंनी दणका

जुलै २०१४ मध्ये शाओमीने फ्लिपकार्टवर एमआय ३ आणला, १३,९९९ रुपयांना. मधले डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार काढून टाकले, त्यामुळे त्या किमतीत एवढा फोन देणं इतरांना जड गेलं. दुसरीकडे ओप्पो आणि विवो दुकानांकडे वळल्या. दुकानावर त्यांचा बोर्ड, आत त्यांचा प्रमोटर आणि दुकानदाराला भरघोस कमिशन. २०१६ पासून आयपीएलचं नावसुद्धा विवोचं झालं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. जिओ फक्त ४जी वर चालायचं, त्यामुळे ३जी फोनला एका रात्रीत कोणी विचारेना. भारतीय ब्रँडचा बराच माल ३जीचा होता. आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. स्वस्त फोन घेणारं गिऱ्हाईक रोखीनेच घेतं, ते थांबलं.

५. मग मायक्रोमॅक्सने काहीच केलं नाही का?

केलं की! २०१४ मध्ये उत्तराखंडात रुद्रपूरला कारखाना सुरू केला. 'यू' ब्रँडसाठी सायनोजेन या अमेरिकी कंपनीशी करार करून वेगळं सॉफ्टवेअर आणलं. पण सॉफ्टवेअरही दुसऱ्याचंच. २०१६ च्या अखेरीस सायनोजेननेच आपली सेवा बंद केली.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'इन' मालिका घेऊन कंपनी परत आली. इन नोट १ ची किंमत १०,९९९ पासून. लोकांना भारतीय फोन हवाही होता. पण मधल्या चार वर्षांत गिऱ्हाईक दुसरीकडे रुळलं होतं, आणि जुनी जागा काही परत मिळाली नाही.

आता आपल्या धंद्याचं काय?

तुम्ही उल्हासनगरहून कपडे आणून विकत असाल किंवा दुसऱ्याच्या मसाल्यावर आपलं लेबल लावत असाल, तर घाबरून ते बंद करू नका. सुरुवात तिथूनच होते. पण चांगल्या वर्षांत जो नफा येतो, त्यातला ठरलेला भाग कशात घालता यावर पुढची दहा वर्षं ठरतात. सगळा नफा जाहिरातीत आणि नवीन मालात गेला, तर तुमचं स्वतःचं असं काहीच तयार होत नाही. स्वतःची रेसिपी, स्वतःचं फिटिंग, विक्रीनंतरची चोख सर्व्हिस, गिऱ्हाइकांची नावं-नंबर लिहिलेली वही, यातलं काहीतरी एक असं हवं की जे तुमचा सप्लायर उचलून नेऊ शकणार नाही.

गृहपाठ

वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रामाणिकपणे, कोणाला दाखवायची नाहीत.

१. माझ्या गिऱ्हाइकाची कुठली अडचण मोठे दुकानदार बघत नाहीत?
२. आज बाजारात माझे किती पैसे अडकलेत, आणि किती दिवसांपासून?
३. माझा मुख्य सप्लायर उद्या माझ्याच गल्लीत आला, तर गिऱ्हाईक माझ्याकडे कशासाठी येईल?
४. त्या उत्तरासाठी या वर्षीच्या नफ्यातले किती रुपये बाजूला काढणार?

तिसऱ्या प्रश्नावर पेन अडला, तर आधी त्यावरच काम करा. नवीन माल पुढच्या महिन्यात भरला तरी चालेल.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब रोजच्या रोज लिहीत राहा!