वणव्यानंतरचे सूचिपर्णी अरण्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या उन्हाळ्यात पेटलेले वणवे हजारो माणसे झटूनही विझेनात. ११ सप्टेंबरला हिमवर्षाव झाला, तेव्हा कोठे त्यांचा जोर ओसरला. तोवर उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला होता. काळे बुंधे आणि राख पाहून हे अरण्य कायमचे गेले, असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. याचे कारण तेथील मुख्य वृक्षाच्या स्वभावात आहे.

हा वृक्ष म्हणजे लॉजपोल पाइन. हिमालयातील चिडाचा भाईबंद. तेथील वनांपैकी सुमारे ८० टक्के वन याचेच आहे. याची साल पातळ असल्यामुळे मोठ्या आगीत झाड वाचत नाही. परंतु पुढच्या पिढीची तरतूद ते शंकूंमध्ये करून ठेवते. कित्येक झाडांचे शंकू पक्व झाल्यावरही मिटलेलेच राहतात. त्यांचे खवले राळेने घट्ट चिकटलेले असतात आणि आतील बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. आगीच्या धगीने राळ वितळते, खवले उकलतात व बी राखेवर पडते. तेथे आता सावली नसते, पालापाचोळ्याचा थर जळालेला असतो. अंकुराला याहून चांगली जागा कोणती? मात्र सर्वच झाडे असे शंकू धरीत नाहीत. म्हणूनच १९८८ नंतर कोठे रोपांची दाट गर्दी झाली, तर कोठे ती तुरळकच उगवली.

एंगलमन स्प्रूस व डग्लस फर यांना ही सोय नाही. जळलेल्या प्रदेशाच्या कडेला वाचलेल्या झाडांचे बी वाऱ्याने येईल तेवढेच. मध्यभागी ते पोचण्यास फार काळ लागतो.

लॉजपोल पाइनची तरतूदही अक्षय नाही. पूर्वी तेथे दोन मोठ्या वणव्यांत साधारणतः १०० ते ३०० वर्षे जात. तेवढ्या अवधीत झाडांवर शंकूंचा भरपूर साठा होई. हवामान अधिक उष्ण व कोरडे होत असल्याने हे अंतर घटू लागले आहे. २०१६ मध्ये १९८८ नंतर उगवलेले काही वन अवघ्या २८ वर्षांचे असताना पुन्हा पेटले. कोवळ्या झाडांवर शंकू थोडेच होते. पुन्हा जळलेल्या अशा भागांत नव्या रोपांची संख्या पहिल्या वणव्यानंतरच्या सुमारे एक-षष्ठांशच भरली. काही जागी तर १९८८ पासून पडून असलेले ओंडकेही जळून गेले आणि तरुण झाडांचे केवळ खुंट उरले.