बदल रुजला, हे कशावरून ओळखावे ?

पेढीत नवी पद्धत सुरू करणे सोपे. ती रुजली की नाही, हे मोजणे अवघड. याचा उत्तम धडा आपल्याच व्यवसायाच्या इतिहासात आहे.

1956 च्या कायद्यान्वये ऑक्टोबर 1958 पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली व एप्रिल 1962 पासून सक्तीची झाली. हैदराबादच्या धान्यबाजारातूनही शेर, मण, पल्ला जाऊन किलो व क्विंटल आले. शिक्क्याची वजने किती दुकानांत पोहोचली, हे मोजता येते. परंतु तेवढ्याने बदल सिद्ध होत नाही. 80 तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा. किलोचा भाव घेऊन शेराने माप दिल्यास गिऱ्हाइकाचे 67 ग्रॅम बुडतात.

म्हणून आम्ही तीन कसोट्या मानतो. निरीक्षक समोर नसतानाही तेच माप चालते काय ? तोलाच्या तक्रारी उत्तरोत्तर कमी होतात काय ? मुनीम मनातही नव्याच परिमाणात हिशेब करतो काय ? एप्रिल 1957 मध्ये आलेल्या 'नव्या पैशा'तील 'नवा' हा शब्द जून 1964 मध्ये गळाला. त्यास सात वर्षे लागली. सराफ्यात तर तोळा अद्याप बोलला जातो !

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान सांगितले आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे. वस्तू व सेवा कर असो वा इलेक्ट्रॉनिक काटा, बदलापूर्वीची स्थिती वहीत टिपून ठेवावी व सहा महिन्यांनी ताडून पाहावी. पूर्वीची नोंदच नसेल, तर लाभहानी कशाशी ताडणार ?