हिवतापाचे पुनरागमन

हिवताप, म्हणजेच मलेरिया, ॲनाफिलीस डासाच्या मादीमुळे पसरतो. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोकांना तो होई आणि सुमारे ८ लाख लोक प्राणास मुकत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी डीडीटीची फवारणी झाली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. मग दक्षता शिथिल झाली. डासही डीडीटीला दाद देईनासे झाले. परिणामी १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांच्या वर गेली.

रायपूरच्या दक्षिणेस असलेल्या बस्तरच्या वनप्रदेशात हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून राहिला. तेथे अनेकांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी असत, पण अंगात ताप नसे. अशा व्यक्तीला चावलेला डास रोग इतरांपर्यंत पोहोचवतो. म्हणून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियानात आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन निरोगी दिसणाऱ्यांचेही रक्त तपासले व बाधितांना औषधे दिली. त्यानंतर रोगाचे प्रमाण घटले.

रोग ओसरतो, तेव्हाच दक्षतेची खरी कसोटी लागते.

पाठगत प्रश्न
१. १९६५ नंतर हिवताप पुन्हा का वाढला?
२. ताप नसलेल्यांचेही रक्त का तपासले?