नवें कुलूप आणि जुनी पेटी

कित्येक घरांतून दहाबारा वर्षांपूर्वींचा एखादा पेन ड्राइव्ह कपाटाच्या खणांत पडलेला असतो. त्यांत आजोबांच्या जमिनीच्या कागदांचीं छायाचित्रें, आईचीं प्रमाणपत्रें, लहानपणचे फोटो असें कांहींबाहीं असतें, आणि घरांतील एखाद्या सावध माणसानें तें सर्व कुलूपबंद करून ठेविलेलें असतें. असा पेन ड्राइव्ह नव्या संगणकास जोडावा, पासवर्ड अचूक घालावा, आणि तरीही पासवर्ड चुकल्याचें उत्तर यावें! असें कां होतें, व अशा वेळीं काय करावें, हें एका खऱ्या उदाहरणावरून आम्ही येथें सांगणार आहों.

ट्रूक्रिप्ट नांवाचा प्रोग्राम 2004 सालीं निघाला. संगणकांत एक गुप्त पेटी तयार करावयाची, तिला पासवर्ड लावावयाचा, आणि तो घातला म्हणजे ती साध्या डिस्कप्रमाणें उघडावयाची, असें त्याचें काम. तो फुकट मिळे. त्यामुळें जगभर लोकांनीं त्यावर भिस्त ठेविली. पुढें 28 मे 2014 रोजीं त्याची 7.2 ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. ती जुन्या पेट्या उघडी, परंतु नवी पेटी करूं देईना! सोबत सूचना होती कीं, या प्रोग्रामांत न दुरुस्त झालेले दोष असूं शकतील, तरी विंडोज वापरणारांनीं बिटलॉकरकडे वळावें. कर्ते निनांवी, विचारावें तरी कोणास?

त्या वेळीं ट्रूक्रिप्टची स्वतंत्र तपासणी चालूच होती. एप्रिल 2015 मध्यें तिचा शेवटचा अहवाल आला. मुद्दाम ठेविलेला चोरदरवाजा त्यांत आढळला नाहीं, तेव्हां पुष्कळांनीं जुनी आवृत्तीच चालू ठेविली. पण त्याच वर्षीं सप्टेंबरांत जेम्स फोरशॉ या संशोधकानें विंडोजवरील ट्रूक्रिप्टमध्यें दोन दोष दाखविले, आणि ते दुरुस्त करावयास मूळ कर्ते जाग्यावर नव्हते. म्हणूनच 'जुनें तें सोनें' म्हणून बसून राहणारांची बाजू आम्हांस पटत नाहीं.

दुरुस्ती झाली ती व्हेराक्रिप्टमध्यें. हा प्रोग्राम मूनीर इद्रासी यांनीं 2013 सालीं ट्रूक्रिप्टच्याच आधारावर सुरू केला होता. पासवर्डापासून किल्ली बनवितांना ट्रूक्रिप्ट एक गणित 1000 किंवा 2000 वेळां करी. व्हेराक्रिप्ट तें साधारण पेटीसाठीं 5,00,000 वेळां करतो. मालकास थोडें थांबावें लागतें खरें. पण लाखों पासवर्ड लावून पाहणाऱ्या चोरास तेवढेंच प्रत्येक खेपेस थांबावें लागतें. जुन्या पेट्या उघडण्याचीही सोय व्हेराक्रिप्टनें कित्येक वर्षें ठेविली होती. 2023 सालच्या 1.26 या मालिकेंत ती काढून टाकण्यांत आली. त्याबरोबर राइपएमडी-160 ही जुनी गणितपद्धतिही गेली. म्हणजे त्या पद्धतीनें केलेल्या व्हेराक्रिप्टच्या स्वतःच्या पेट्याही नव्या आवृत्तींत उघडेनाशा झाल्या.

यांतील खरी मेख पुढेंच आहे. अशी पेटी बाहेरून पाहतां निव्वळ अर्थहीन आंकड्यांचा ढीग दिसते, आणि तसें दिसणें हाच तिचा गुण. त्यामुळें "ही ट्रूक्रिप्टची जुनी पेटी आहे" असें नवा प्रोग्राम सांगूंच शकत नाहीं. पासवर्ड चुकला असेल, ही आपली पेटी नसेल, अशीं कांहीं संभाव्य कारणें तेवढीं तो सांगतो. मालकास वाटतें, आपणच विसरलों. सबंध पेन ड्राइव्हच कुलूपबंद केलेला असेल तर विंडोज त्याला ओळखत नाहीं व फॉरमॅट करूं काय म्हणून विचारतें. येथें 'होय' म्हटलें कीं पुष्कळदां सर्वच संपलें! जुनी सोय काढल्याबद्दल आम्ही कर्त्यांस दोष देत नाहीं. आवृत्तीबरोबरच्या टिपणांत ती गोष्ट नमूद होती. तीं टिपणें वाचतो कोण, हा प्रश्न निराळा.

आतां उपाय. प्रथम त्या पेटीची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी. नंतर दुसऱ्या संगणकावर, किंवा नवी आवृत्ति तात्पुरती काढून, व्हेराक्रिप्ट 1.25.9 ही आवृत्ति त्याच्या अधिकृत स्थळावरून घ्यावी. जुन्या पेट्या उघडणारी ती शेवटची. तींत 'ट्रूक्रिप्ट मोड' या खुणेच्या चौकटींत टिचकी मारून पासवर्ड घालावा. याच आवृत्तींत पासवर्ड बदलला असतां पेटी नव्या रूपांत आणतां येते. तथापि नवी पेटी करून तींत सर्व फायली उतरवून घेणें आम्हांस अधिक बरें वाटतें. वेळ लागतो, पण जुनी पेटी तोंवर शाबूत राहते. नवी पेटी नव्या आवृत्तींत उघडून दोनचार फोटो डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जुनी पुसूं नये. ज्यांनीं सबंध विंडोजच ट्रूक्रिप्टनें कुलूपबंद केलें असेल, त्यांनीं तें ट्रूक्रिप्टनेंच आधीं मोकळें करून घ्यावें.

हें काम मुलांनीं एकट्यानें न करतां वडील मंडळींस जवळ बसवून करावें. टिचक्या मुलांस लवकर जमतील. पण 2012 सालच्या पासवर्डांत मोठें अक्षर कोठें घातलें होतें, हें बहुधा वडिलांस किंवा आईसच आठवेल.