नव्या टाकीत श्रिंप का दगावतात?

प्रश्न : नव्या टाकीत नळाचं पाणी भरून त्याच दिवशी चेरी श्रिंप सोडले. चार दिवसांत निम्मे मेले. रोज सगळं पाणी बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको, त्याने उरलेलेही दगावतील. टाकी अस्वच्छ नाही, कच्ची आहे. विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर स्पंज फिल्टर अखंड चालू ठेवा, खाणं चिमूटभरच द्या आणि रोज थोडंच, क्लोरीन घालवलेलं पाणी बदला. तांबं असलेली औषधं कटाक्षाने टाळा. तळाशी पारदर्शक, पोकळ कवच दिसलं तर घाबरू नका. ती टाकलेली कात आहे, राहू द्या. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच नवे श्रिंप आणा.